नोकरी जाण्याची धास्ती: बोलावणं येण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

मोठ्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या ओळखीच्यांचे फोन मला नेहमी उशिरा येतात. राजीनामा पोर्टलवर भरून झालेला असतो, लॅपटॉप जमा झालेला असतो आणि मग प्रश्न येतो, ‘आता काय करता येईल?’ त्याच माणसांनी आधीचे सहा महिने रोज रात्री एक-दीडपर्यंत जागून काढलेले असतात. म्हणजे काळजी भरपूर झाली, तयारी मात्र झालीच नाही.

बहुतेकांचा क्रम चुकतो. टीममधला एक जण गेला की लोक त्याच रात्री जुना सीव्ही उघडतात आणि पन्नास ठिकाणी अर्ज टाकतात. आठवडाभर कुणाचं उत्तर आलं नाही की आणखी खचतात. घरात किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे हे ठाऊक नसल्यानं हाती आलेली पहिली कमी पगाराची ऑफर घेतात. खाली दिलेला क्रम पाळा. पहिले चार टप्पे शनिवार-रविवारच्या दोन सुट्ट्यांत पूर्ण होतात.

टप्पा १: ऐकलेलं आणि दिसलेलं वेगळं करा (अर्धा तास)

एक कागद घ्या आणि मध्ये रेघ मारा. डावीकडे ऐकलेल्या गोष्टी लिहा: चहाच्या टपरीवर कुणी काय म्हणालं, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठली यादी फिरतेय, बातमीत काय आलं. उजवीकडे स्वतःच्या बाबतीत घडलेलंच लिहा, तारखेसह.

उजवीकडे येण्यासारख्या गोष्टी अशा: तुमचा प्रोजेक्ट कधी संपतोय, क्लायंटनं करार वाढवला का, तुम्ही बिलेबल (ज्याच्या कामाचे पैसे क्लायंट देतो) आहात की बेंचवर (प्रोजेक्टविना बसलेले), बेंचवर किती दिवस झाले, रेटिंग काय मिळालं, पीआयपी (ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवा असं लेखी बजावणं) लागलाय का, तुमचं काम शिकून घ्यायला कुणाला बसवलंय का, मॅनेजरनं दर आठवड्याची भेट अचानक बंद केली का.

कंपनीचा एकूण आकडा तुमच्याबद्दल फार थोडं सांगतो. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा झोप उडालेल्यांत नुकतीच लागलेली मुलंही होती. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीत होईल, असं कंपनीनं तेव्हाच सांगितलं होतं. त्याच कंपनीनं त्याआधी जूनमध्ये आणलेला नियम जास्त कामाचा होता: वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल आणि बेंच जास्तीत जास्त ३५ दिवस. असा नियम तुमच्याकडे असेल तर मोजता येईल असा आकडा तुमच्या हातात आहे. पोर्टलवर जाऊन तो शोधा.

*तपासणी:* उजवीकडे तीन किंवा जास्त ठोस नोंदी असतील तर पुढचे टप्पे याच आठवड्यात उरका. एखादीच असेल तर महिनाभर घ्या. एकही नसली तरी दुसरा आणि तिसरा टप्पा कराच.

टप्पा २: ‘किती महिने’ हा एकच आकडा काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रात्री छातीवर बसलेलं ओझं बहुतेकदा ‘घर जाईल’ या एका धूसर वाक्याचं असतं. ‘आपल्याकडे साडेसात महिने आहेत’ हेही चिंतेचंच वाक्य आहे, पण त्याच्याशी दोन हात करता येतात.

गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि न टाळता येणारा खर्च मांडा. पुण्यात वाकडला टू बीएचके, एक मूल शाळेत आणि गावी आई-वडील असलेल्या घराचा हिशोब साधारण असा दिसेल:

- गृहकर्जाचा हप्ता ४१,०००
- सोसायटी मेंटेनन्स ४,५००
- किराणा, दूध, भाजी, गॅस १६,०००
- शाळेची फी, महिन्याचा वाटा ९,०००
- स्कूल व्हॅन २,५००
- आई-वडिलांची औषधं ६,०००
- वीज, इंटरनेट, फोन ४,०००
- पेट्रोल ४,०००
- विम्याचे हप्ते, महिन्याचा वाटा ५,०००
- घरकामाच्या ताईंचा पगार ३,०००

बेरीज ९५,०००. नोकरी नसताना पेट्रोल, किराण्यातलं वरकड आणि ओटीटी मिळून सात हजार कमी होतील, म्हणजे ८८,०००. (ताईंचा पगार तसाच ठेवलाय. आपल्याला जी भीती वाटतेय ती आपणच पहिल्या झटक्यात दुसऱ्यावर ढकलू नये.)

आता हाताशी असलेला पैसा. बचत खातं, एफडी, लिक्विड फंड एवढंच धरा. पीएफ, पीपीएफ, बायकोचे दागिने आणि गावची जमीन यात येत नाही. समजा ४,१०,००० आहेत. ८८ हजारांनी भागले की साडेचार महिन्यांच्या थोडं वर.

त्यात ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) मिळवा, पण सलग पाच वर्षं झाली असतील तरच. सीटीसीमध्ये (कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण पगारात) ग्रॅच्युइटी दाखवली आहे म्हणून ती मिळतेच असं नाही. कायमस्वरूपी कर्मचाऱ्याला पाच वर्षं लागतातच. (ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या कामगार संहितेत ही अट एक वर्षाची आहे.) सूत्र: शेवटचा महिन्याचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. बेसिक ६०,००० आणि नोकरी नऊ वर्षं, तर सुमारे ३,११,५००. ही रक्कम धरली की तेच घर आठ महिन्यांच्या थोडं पुढे जातं. हा किमान अंदाज समजा. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरतात, त्यामुळे काहींची रक्कम वाढेल.

*इथे होणाऱ्या चुका:*

भीतीपोटी गृहकर्जात मोठी रक्कम भरून टाकणं. ओव्हरड्राफ्ट प्रकारचं कर्ज नसेल तर तो पैसा परत हातात येत नाही, आणि पुढच्या महिन्याचा हप्ता काही थांबत नाही. बोनस आला असेल तर तो बाजूला ठेवा आणि निदान तीन हप्ते वेगळ्या खात्यात राहू द्या. सलग ९० दिवस थकलं की बँक कर्ज एनपीए (थकीत कर्ज) ठरवते, त्यामुळे पहिले तीन महिने अजिबात चुकवायचे नाहीत.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या एसआयपी एका रात्रीत मोडणं. थांबवता येतात, तेवढं पुरे.

तिसरी: कर्जासोबत ‘जॉब लॉस कव्हर’ (नोकरी गेली तर हप्ते भरणारा विमा) घेतलंय म्हणून निर्धास्त राहणं. पॉलिसीचा कागद काढून वाचा. राजीनामा दिलेल्यांना ही कव्हरं सहसा पैसे देत नाहीत आणि दिले तरी मोजक्याच हप्त्यांचे देतात. हे वाक्य लक्षात ठेवा, सातव्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा ३: लॉगिन चालू आहे तोवर कागद घ्या

बऱ्याच कंपन्यांत काढल्याचं सांगणारी मीटिंग संपेपर्यंत ॲक्सेस बंद झालेला असतो. त्यानंतर एक पगारपत्रक मिळवायलाही चार मेल लागतात. आज घरी आल्यावर हे डाउनलोड करा: ऑफर लेटर आणि नेमणुकीचं पत्र, सगळी पगारवाढीची पत्रं, निदान गेल्या दोन वर्षांची पगारपत्रकं, फॉर्म १६, रजेची शिल्लक दाखवणारं पान, अप्रेझलची पत्रं, मेडिक्लेमचं ई-कार्ड आणि पॉलिसी क्रमांक. शेअर्स मिळाले असतील तर त्यांचं वेस्टिंगचं (कोणते शेअर्स कधी तुमचे होतात ते दाखवणारं) पान आणि नोकरी सुटल्यावर ते किती दिवसांत घ्यावे लागतात ती अटही.

मग नेमणुकीचं पत्र शेवटपर्यंत वाचा. आपण ते सही करताना वाचलेलं नसतं. नोटीस पिरियड किती, कंपनीनं काढलं तर नोटीसचे पैसे मिळतात का, जॉइनिंग बोनस परत घेण्याची अट आहे का, ही तीन वाक्यं अधोरेखित करा.

ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर यूएएननं (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकानं) लॉगिन होतंय ना, मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा आहे ना, आधीच्या कंपनीचा पीएफ वर्ग झालाय ना, हेही बघा.

*सावधान:* फक्त स्वतःचे कागद घ्यायचे. कोड, डिझाइन, क्लायंटची माहिती, टीमच्या फाइली यांतलं काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकानं ‘पुढे इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल’ म्हणून एक प्रेझेंटेशन स्वतःला मेल केलं. यंत्रणेनं ते पकडलं आणि तीन महिन्यांचा पगार मिळायच्या जागी शिस्तभंगाची कारवाई झाली. पगारपत्रकंही शक्यतो स्वतःच्या फोनवरून, कंपनीच्या पोर्टलवर जाऊनच उतरवा.

टप्पा ४: मेडिक्लेम

ही चूक माझी स्वतःची आहे. २०२३ मध्ये मला काढलं तेव्हा गटविमा त्याच संध्याकाळी संपला, आणि आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या मंगळवारची होती. वेगळी पॉलिसी घ्यायचं मी दोन वर्षं पुढे ढकलत आले होते. शस्त्रक्रिया स्वतःच्या पैशानं करावी लागली, आणि ती नेमकी अशा आठवड्यात जेव्हा एक रुपया खर्च करतानाही हात थरथरत होता.

म्हणून नोकरीत असतानाच कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी घ्या. नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस थांबावं लागतं, आणि आधीपासून असलेल्या आजारांना कमाल तीन वर्षांपर्यंत. हे घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा जुनं कोटेशन पुन्हा मागवा. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचीही सोय असते; तिथे झालेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. मात्र अर्ज शेवटच्या दिवसाआधी गेला पाहिजे.

ठरलेली तपासणी, चष्मा, दातांचं काम, आई-वडिलांची शस्त्रक्रिया पुढे ढकलली असेल तर ती आता करून घ्या.

टप्पा ५: घरी सांगा, आकडा घेऊन

बरेच जण घरी सांगत नाहीत, आणि सांगतात तेव्हा रात्री अकरा वाजता, रडवेले होऊन. दुसरा टप्पा झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी, तो कागद समोर ठेवून जोडीदाराशी बोला. ‘माझी नोकरी जाणार बहुतेक’ असं सुरू केलंत तर समोरचं माणूस घाबरेल. ‘प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतोय. पुढचं नक्की नाही. आपल्याकडे साडेचार महिने आहेत, ग्रॅच्युइटी धरली तर आठ. ते दहा कसे करायचे, बघू या’ असं म्हणालात तर त्याच्या हाताला काम मिळतं.

आई-वडिलांना कधी सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवा, पण त्यांना शेजाऱ्यांकडून कळू देऊ नका. मुलं आठ-दहा वर्षांच्या वर असतील तर त्यांना घरातला ताण कळतच असतो. ‘बाबांच्या ऑफिसात बदल होतायत, यंदा सहलीला नाही जायचं’ एवढं साधं सांगितलेलं पुरतं.

टप्पा ६: रोजची शिस्त, आणि मग शोध

कपातीच्या बातम्या आणि ग्रुप दिवसातून एकदाच, पंधरा मिनिटं, संध्याकाळी सातच्या आत. अंथरुणात फोन नको. हे करायला सोपं नाही. मी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायला लागले तेव्हा कुठे जमलं. काळजीचा विचार आला की तो पहिल्या टप्प्यातल्या कागदावर लिहायचा: डावीकडचा असेल तर सोडायचा, उजवीकडचा असेल तर त्यावर उद्याचं एक काम लिहायचं.

दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, छातीत धडधड होत असेल किंवा ‘नको हे सगळं’ असे विचार येत असतील तर डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी फोन लावा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

शोध आता सुरू करा, आणि आधी कंपनीच्या आत. बेंचवर असाल तर आरएमजीच्या (लोकांना प्रोजेक्ट नेमून देणाऱ्या विभागाच्या) मेलची वाट बघत बसू नका. आधी काम केलेल्या मॅनेजरांना थेट विचारा, ‘तुमच्याकडे कुठे जागा आहे?’ बाहेर पन्नास अर्जांऐवजी वीस माणसांची यादी करा, ज्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय. आठवड्याला चार फोन. सीव्हीत ‘टीम सांभाळली’ असं मोघम न लिहिता काय बदललं ते लिहा: किती वेळ वाचला, किती तक्रारी कमी झाल्या.

पीआयपी लागला असेल तर प्रत्येक मुद्द्याला मेलवर, तारखेसह, शांत भाषेत उत्तर द्या. तोंडी झालेल्या बैठकीनंतर ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा चार ओळींचा मेल टाका. रागाचा एक शब्दही नको.

टप्पा ७: बोलावण्याचा दिवस

पंधरा-वीस मिनिटांची मीटिंग, विषय मोघम, मॅनेजरच्या वरचा माणूस आणि एचआर. काय होणार ते दार उघडताच कळतं. इथे घाई होते आणि इथली घाईच सगळ्यात महाग पडते.

बहुतेक वेळा सांगितलं जातं, ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील. नाहीतर टर्मिनेट करावं लागेल. आज संध्याकाळपर्यंत सांगा.’ यावर म्हणायचं एकच वाक्य आधी पाठ करून ठेवा:

‘मला हे सगळं लेखी द्या. वाचून, घरी बोलून उत्तर देते.’

पुन्हा आग्रह झाला तर पुन्हा तेच वाक्य. वाद घालू नका, आपण किती काम केलं ते सांगत बसू नका. त्या खोलीतल्या लोकांच्या हातात निर्णय नसतो. मग वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्यासमोरच लिहून घ्या:

- शेवटचा दिवस कोणता?
- नोटीसचे पैसे किती, आणि त्यावर वेगळी भरपाई किती?
- शिल्लक रजेचे पैसे आणि व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) मिळणार का?
- मेडिक्लेम कुठल्या तारखेपर्यंत?
- रिलीव्हिंग लेटरवर कारण काय लिहिणार?
- जॉइनिंग बोनस किंवा प्रशिक्षणाचा खर्च कापणार का?
- सही करायच्या कागदात पुढे दावा न करण्याची अट आहे का?

ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांना काही आठवडेच कमी असतील तर शेवटचा दिवस पुढे सरकवायला सांगा, घरी बसवून ठेवलं तरी चालेल म्हणा. कंपनी रक्कम वाढवायला तयार नसते, पण तारीख पुष्कळदा हलते.

राजीनामा द्यावा की नाही? दोन-तीन वर्षं झालेल्याला, बरी भरपाई आणि स्वच्छ पत्र मिळत असेल तर राजीनामा देऊन पुढे जाणं माझ्या मते बहुधा शहाणपणाचं. दहा-बारा वर्षं झाली असतील, आजारपणाची रजा चालू असेल किंवा गरोदर असाल तर कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय काहीही भरू नका. प्रसूती रजेवर असलेल्या बाईला काढणं बेकायदेशीर आहे. आणि राजीनामा द्यायचाच ठरला तर पोर्टलवर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेच्या बैठकीत कंपनीनं सांगितल्यानुसार’ असं लिहा. एकदा ‘वैयक्तिक कारण’ लिहिलंत की जॉब लॉस कव्हर गेलं आणि कपातीच्या भरपाईचा दावाही कमजोर झाला.

ही भरपाई म्हणजे किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार आणि एक महिन्याची नोटीस. व्यवस्थापकीय काम करणारे यात येत नाहीत. मात्र तुमच्या पदनामात ‘मॅनेजर’ आहे एवढ्यावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष रोजचं काम काय होतं ते बघतात. दाद मागायची तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटनाही अशी प्रकरणं हाती घेते.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असाल तर पहिला प्रश्न शेवटच्या दिवसाचाच. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, ते त्या तारखेपासून मोजतात.

टप्पा ८: नंतरचे दोन महिने

पहिले तीन दिवस कुठलाही अर्ज नको, लिंक्डइनवर लांबलचक पोस्ट नको. झोपा, चाला, घरी राहा.

मग पैसे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीसाठी ३० दिवसांची मुदत आहे. मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी मेल करा, ‘प्रोसेसमध्ये आहे’ या उत्तरावर थांबू नका. बँकेला हप्ता चुकण्याआधी कळवा, नंतर नाही.

पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर सहसा कर लागतो. खातं तसंच ठेवलं तर व्याज मिळत राहतं आणि नव्या कंपनीत वर्ग करता येतं. दहा वर्षांच्या सदस्यत्वानंतर पेन्शनचा हक्क मिळतो, तोही मध्येच सगळं काढून टाकणाऱ्यांच्या हातून सुटतो.

नवी नोकरी लागली तरी एक काम राहतं आणि ते हमखास विसरलं जातं. ईपीएफओच्या पोर्टलवर जुन्या कंपनीनं तुमची नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का ते बघा. ती नसेल तर पीएफ वर्ग होताना अडतो आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत दोन नोकऱ्या एकदम चालू दिसतात. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख तुम्ही स्वतःच आधार ओटीपीनं टाकू शकता. फोनच्या कॅलेंडरवर त्या दिवसाची आठवण आत्ताच लावा.